पुलाच्या अलीकडे

नदीपलीकडचा जिल्हा कोरडा,
अलीकडे आमचा सोनल बार.
दिवेलागणीला पुलगावच्या फटफट्या
दिवा न लावता पूल ओलांडायच्या,
परतताना एकेकाला दोन-दोन पूल दिसायचे.

मी सोळाचा, दहावीत एकदा आपटलेला,
मागच्या मोरीवर गिलास धुवायचो.

गल्ल्यावर भोजराज.
उपदेश घेतलेला माणूस.
येणाऱ्याला दंडवत घालायचा
आणि त्याच हातानं क्वार्टरचं बिल फाडायचा.
मालक म्हणायचा, असाच पाहिजे गल्ल्यावर,
बोक्याला दुधाचा कंटाळा असला
की आपल्याला झोप लागते.

भट्टीवर दुर्पता.
ढिवराची पोर. नवरा सोडून आली म्हणायचे लोक.
ती म्हणायची, "सोडलं कायचं?
जायातून निसटली."
हसली की वरची टिनं वाजायची,
शिवी दिली की बसलेलं गिऱ्हाईक
उभं राहून ऐकायचं.

त्याच्याजवळ शब्द तीनच:
बरोबर, चूक, शिल्लक.
तिला आकडा येत नव्हता,
पण ताटलीतले काटे पाहून सांगायची
कोणी किती मरळ खाल्ली ते.
वहीत अकरा अन् काट्यांत बारा
असं झालं की भट्टी ते गल्ला जुंपायची.
"मुनीमजी, तुमची वही शाकाहारी हाय,
तिले का समजते मासोई?"
दर वेळी काटेच खरे निघायचे.
तो खोडरबर काढायचा, मान वर न करता.

दुपारी तो मागच्या बाभळीखाली डबा उघडायचा,
आधी वाऱ्याची दिशा बघून.
ती बघत होती, हे मला उशिरा कळलं.
एका बाजाराच्या दिवशी तिनं
जर्मनचं नवं पातेलं आणलं,
झाकणावर विटेच्या तुकड्यानं फुली मारली
आणि भट्टीवरच्या सगळ्यांना ऐकवलं,
"याले मासोईचा हात लावला तं बोटं तोडीन."
त्यात अंबाडीची भाजी.
भोजराज जेवला. हात धुतले.
म्हणाला, "बरोबर."
त्या संध्याकाळी झिंग्यांत मीठ दुप्पट पडलं,
कोणी तक्रार केली नाही,
दारू मात्र जास्त खपली.

गांधी जयंतीला शटर बंद.
तो आला, स्टॉक मोजायला.
ती आली, भट्टी सारवायला.
मी आलो कारण विसरलो होतो.
मग पुलाच्या कठड्यावर बसून राहिलो,
धुराड्यातून धूर निघाला
तो भाजीचा होता एवढं नाकाला कळलं.

मार्चअखेरीला मालकानं उधारीची वही मागितली.
पान सत्तावीस.
"अरे, हे काय लिहून ठेवलंस बाप्पा?"
भोजराजचे कान बिब्ब्याच्या फुलासारखे लाल.
दुर्पता चिमटा घेऊनच बाहेर आली,
वही माझ्या पुढ्यात सरकवली. "वाच रे."

भोजराज. अंबाडी, एक. बाकी.
भोजराज. वांगं, एक. बाकी.
भोजराज. कोहळं, एक, आवडलं नाही, तरी बाकी.
एकेचाळीस ओळी. एकाच शाईच्या.
माझा आवाज मधेच फुटला, वयच तसं होतं.
मला वाटलं टिनं वाजतील.
ती गप्प. चिमट्याचं टोक तेवढं
जमिनीवर काहीतरी रेघोट्या ओढत होतं.
मग मलाच म्हणाली, तो चार हातांवर असताना,
"त्याले सांग, फेडाचं नाई.
फेडलं तं मंग मी कायच्या भरवशावर राहू?"
मालकानं पान उलटलं.

पुढचं गावाला माहीत आहे,
जो तो आपल्या मापानं सांगतो.
मला त्या रात्रीचं आठवतं.
मी गिलास धुतले बाहत्तर,
वहीत निघाले एकाहत्तर.
मी म्हटलं, पुन्हा मोजतो.
भोजराज भट्टीकडे बघत होता.
"असू दे," म्हणाला.